महाबळेश्वर की भंडारदरा, माथेरान की पवना? ठिकाण निवडायचा बरोबर क्रम

"दोन दिवस सुट्टी आहे, डोंगर आणि पाणी दोन्ही असेल असं काहीतरी सुचवा ना." हा प्रश्न दर शुक्रवारी कुठल्या तरी ग्रुपवर पडतोच, मग पंधरा जण पंधरा नावं टाकतात, ज्याचा आवाज मोठा त्याचं ठिकाण फायनल होतं आणि रविवारी रात्री सगळे चिडून घरी येतात. कोणाला तलावाच्या जागी चिखल दिसलेला असतो, कोणी सहा तास घाटात अडकलेलं असतं, कोणाच्या आईचे गुडघे तीन दिवस सुजलेले असतात. ठिकाणं वाईट नसतात हो, निवडायचा क्रम उलटा असतो. लोक आधी जागा ठरवतात, मग हॉटेल आणि शेवटी विचारतात की या महिन्यात तिथे काय असतं. जागा सगळ्यात शेवटी ठरवायची. आधी माणसं, मग महिना, मग पाण्याची अवस्था, मग तास, मग पैसे. एवढं नीट केलं की बहुतेक वेळा दोनच नावं उरतात आणि भांडायला फार काही राहत नाही.

हे मुख्यतः मुंबई-ठाणे, पुणे आणि नाशिकवाल्यांसाठी लिहितोय, नागपूर-अमरावती आणि कोल्हापूरकडच्यांसाठीही मध्ये मध्ये आहे.

पायरी १: कोण कोण येणार ते आधी लिहून काढा

कागदावर, किंवा मोबाईलच्या नोट्समध्ये. नुसतं "सहा जण" असं नाही, प्रत्येकापुढे एक ओळ लिहायची, वय किती, किती चालू शकतं, गाडी लागते का, काय खात नाही. ही ओळ लिहिताना लोक कंटाळा करतात आणि नेमके तिथेच फसतात.

माथेरानचं उदाहरण घ्या. तिथे गाड्या वर नेता येत नाहीत, दस्तुरी नाक्याला पार्किंग करून पुढे बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर जायचं असतं. चालत, घोड्यावर, अमन लॉजपासून सुटणाऱ्या मिनी ट्रेनच्या शटलने किंवा मिळाली तर ई-रिक्षाने. हातरिक्षा बंद करा असा सुप्रीम कोर्टाचा ऑगस्ट २०२५ चा आदेश आहे, त्यामुळे "आजीला हातरिक्षात बसवू" हा जुना प्लॅन डोक्यातून काढून टाका. आणि हॉटेल बाजारपेठेत असलं तर ठीक, एखाद्या पॉईंटच्या बाजूला असलं तर तिथून परत लाल मातीत पायपीट आहेच. चालायची आवड असणाऱ्यांना माथेरानसारखी जागा नाही, पण गुडघेदुखीवाल्यांना तीच जागा शिक्षा होते.

गाडी लागणारं कोणी असेल तर घाट मोजा. पुण्याहून महाबळेश्वर म्हणजे खंबाटकी, मग वाईच्या पुढे पसरणी, वर पाचगणी ते महाबळेश्वर वळणं आहेतच. आणि हौसेने खाली कोयनेच्या पाण्याकाठी तापोळ्याला उतरायचं ठरवलं तर आणखी साधारण पंचवीस-तीस किलोमीटर नुसती वळणं, तेवढीच परत चढायची. लहान पोरं मागच्या सीटवर असतील तर तापोळा वेगळ्या दिवशी ठेवा, सकाळच्या नाश्त्यानंतर लगेच तर नकोच.

टू-व्हीलरवाल्यांनी ध्यानात ठेवा, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी महामार्ग दोन्हीवर बाईक चालत नाही. जुन्या हायवेनेच जायचंय, तर तास त्या हिशोबाने धरा.

आणि ज्यांना संध्याकाळी "बसायचं" असतं त्यांच्यासाठी, सापुतारा गुजरातमध्ये आहे. दारूबंदी. गाडीत बाटली घेऊन सीमा ओलांडायची नाही, नाक्यावर तपासणी होते आणि ट्रिप तिथेच संपते.

तपासा: यादीतल्या सगळ्यात कमी चालू शकणाऱ्या माणसाला जमेल का, हा एकच प्रश्न प्रत्येक ठिकाणाला विचारा. उत्तर "बघू, करू काहीतरी" असं आलं तर ते ठिकाण बाद.

पायरी २: महिना धरा, आणि उंचीचं गणित करा

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

हवा दर हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. आता उंची बघा. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या पुढे, पाचगणी त्याच्या थोडं खाली, चिखलदरा आणि तोरणमाळ अकराशेच्या आसपास, माथेरान आठशे, आंबोली सातशेच्या जवळ, लोणावळा सव्वासहाशे. आणि पुणे? पुणं स्वतःच साडेपाचशेच्या वर आहे. म्हणजे पुण्याचा माणूस मे महिन्यात "थंड हवेला" लोणावळ्याला जातो तेव्हा तो जेमतेम साठ-सत्तर मीटर वर चढतो. घाटाच्या तोंडाशी असल्यामुळे वारा जरा बरा लागतो, बाकी दुपारचं ऊन तेच. पवना, मुळशी, पानशेत यांचंही तसंच, पुणेकरांनी तिथे उन्हाळ्यात गारव्याच्या आशेने जाऊ नये. मुंबईकराला मात्र दमटपणा कमी झाल्याचं सुख लोणावळ्यातही मिळतं, म्हणून त्याचं मत वेगळं असतं आणि दोघांचं भांडण होतं.

आता महिन्यांप्रमाणे.

मार्च ते मे: उंचीशिवाय पर्याय नाही. महाबळेश्वर-पाचगणी, विदर्भातल्यांना चिखलदरा, धुळे-जळगाव-नंदुरबारकडच्यांना तोरणमाळ. खाली मैदानात पंचेचाळीस असताना चिखलदऱ्याला संध्याकाळी बाहेर बसता येतं हीच मोठी गोष्ट आहे. भंडारदरा या काळात दुपारी तापतो, फक्त मेच्या शेवटापासून पहिला जोरदार पाऊस पडेपर्यंत काजव्यांसाठी लोक तिकडे धावतात. ते खरंच बघण्यासारखं असतं, पण वीकेंडला नको. शेकडो गाड्यांचे हेडलाईट, लोकांचे टॉर्च, वर कोणीतरी गाणी लावलेली, काजवे कुठून दिसणार. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, वनखात्याच्या नाक्यावरची फी भरा, झाडाजवळ गेल्यावर मोबाईलची स्क्रीनसुद्धा बंद.

जून ते सप्टेंबर: धबधबे आणि धुकं. भंडारदरा, इगतपुरी, माळशेज, ताम्हिणी, आंबोली ही पावसाची ठिकाणं. महाबळेश्वरला जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी एक समजून जावं, पॉईंटवर उभं राहिलं की समोर पांढरा पडदा असतो, वेण्णा लेकचं बोटिंग बंद असतं, काही पॉईंटचे रस्तेही बंद ठेवतात. रूम स्वस्त मिळते ती उगाच नाही. धुक्यात गरम भजी खात खिडकीत बसायचं असेल तर मस्त आहे, "पॉईंट बघायचेत" असं म्हणणाऱ्यांना नेऊ नका. माथेरानला नेरळपासूनची २१ किलोमीटरची ट्रेन पावसाळ्यात बंद असते, वरची अमन लॉज शटल साधारणपणे चालू असते. बामणोलीहून बोटीने जातात तो वासोटा किल्ला पावसाळ्यात बंद.

ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरची सुरुवात: माझ्या मते सह्याद्रीतला सगळ्यात चांगला काळ हा, आणि लोक नेमके तेव्हा गणपती-नवरात्राच्या गडबडीत असतात. धरणं भरलेली, डोंगर हिरवे, पाऊस उघडझाप. कास पठाराची फुलं याच काळात. कासला ऑनलाइन बुकिंग आधी करायचं, रोजची संख्या मर्यादित असते, आणि शनिवार-रविवारी फुलांपेक्षा माणसं जास्त. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटर आहे, मंगळवार-बुधवार जमवलात तर दुसरं काही लागत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: स्ट्रॉबेरी, टेंट, शेकोटी. महाबळेश्वर, तापोळा, बामणोली-वासोटा, पवना, चिखलदरा सगळीच चांगली. वेण्णा लेकच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात, दरवर्षी पेपरात फोटो येतो, त्यामुळे स्वेटर "असू दे एखादं" या भावनेने घेऊ नका, नीट घ्या. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा मात्र सगळीकडेच टाळा.

पायरी ३: तलाव नेमका कसला आहे, आणि त्यात पाणी आहे का

आपल्याकडे ज्याला "लेक" म्हणून विकतात ते बहुतेक वेळा धरणाचं बॅकवॉटर असतं. भंडारदऱ्याचं आर्थर लेक म्हणजे प्रवरेवरच्या विल्सन धरणाचा जलाशय. तापोळा-बामणोलीचं शिवसागर म्हणजे कोयनेचं पाणी. पवना लेक म्हणजे पवना धरण, ज्याचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं. मुळशीचं टाटांचं धरण वीजनिर्मितीचं. म्हणजे हे पाणी तुमच्या फोटोसाठी साठवलेलं नाही, शेतीला, शहराला, विजेला ते सोडलं जातं आणि उन्हाळ्यात पातळी खाली जाते. सप्टेंबरमध्ये टेंटच्या दारात असलेलं पाणी मेमध्ये लांब खाली गेलेलं असतं आणि मधल्या पट्ट्यात भेगा पडलेला गाळ. बुकिंगच्या पानावरचा फोटो अर्थातच सप्टेंबरचा असतो.

म्हणून मार्चनंतर "लेक व्ह्यू"साठी जादा पैसे देऊ नका. एक रुपयाही. ते पैसे एसीला द्या, नाहीतर जेवणाला.

कसं तपासायचं? धरणांचे टक्के जलसंपदा विभाग रोज जाहीर करतो, पेपरातही येतात. धरणात साठ-सत्तर टक्क्यांच्या वर पाणी असेल तर काठ बऱ्यापैकी दिसतो, तीसच्या खाली असेल तर तलावाचा विषय सोडा, डोंगरासाठी जा. दुसरी युक्ती म्हणजे मॅपवर त्या रिसॉर्टचे लोकांनी टाकलेले फोटो नव्यापासून लावायचे आणि गेल्या वर्षी याच महिन्यात काय दिसत होतं ते बघायचं. मालकाचे फोटो बघूच नका.

वेण्णा लेक, सापुताऱ्याचा तलाव, तोरणमाळचा यशवंत तलाव हे वेगळ्या जातीचे, छोटे, गावातलेच तलाव. पोरांना बोटीत फिरवायला, काठावर कणीस खायला. तिथून "निसर्गाच्या कुशीत" वगैरे अपेक्षा ठेवली तर निराश व्हाल, विशेषतः वेण्णा लेकला, कारण मे महिन्यातली संध्याकाळ तिथे घोडे, बोटीची रांग आणि हॉर्न यातच जाते. माथेरानचं शार्लोट लेक पिण्याच्या पाण्याचं आहे, तिथे उतरायचं नाही.

सावध: धरणाच्या पाण्यात पोहायला उतरू नका. काठ उतरता वाटतो आणि दोन पावलांवर एकदम खोल होतं, खाली गाळ, जुन्या बुडालेल्या झाडांची खोडं, आणि वाचवायला कोणी नसतं. पवनेला दरवर्षी पोरं बुडतात, त्यातली बरीच पोहता येणारी असतात. टेंटवाला "सगळे उतरतात" म्हणाला तरी नाही.

सावध: धबधब्यात आणि ओढ्यात तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या डोंगरात पाऊस असू शकतो. पाणी गढूळ व्हायला लागलं, काडीकचरा वाहून यायला लागला, आवाज बदलला की सामान सोडून आधी बाहेर या. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं अशीच वाहून गेली. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात, घरातून निघण्याआधी ते एकदा बघून घ्या, नाहीतर पोलीस वाटेतूनच परत पाठवतात.

पायरी ४: किलोमीटर सोडा, दारापासून दारापर्यंत तास मोजा

"फक्त एकशेवीस किलोमीटर आहे" हे वाक्य बंद करायला पाहिजे. शनिवारी सकाळी नऊला खालापूर टोलनाका आणि खंडाळा घाट, रविवारी संध्याकाळी तेच उलट्या बाजूने, खंबाटकीत ट्रक बंद पडला तर देवच वाली.

पद्धत अशी. मॅपमध्ये निघायची वेळ टाकायची सोय असते, तिथे येणाऱ्या शनिवारची खरी वेळ टाका, जो आकडा येईल त्यात चहा-नाश्ता-मुलांची शू धरून तिसरा हिस्सा वाढवा. मग हा नियम लावा: एक रात्र मुक्काम असेल तर एका बाजूला तीन-साडेतीन तासांच्या वर नको, दोन रात्री असतील तर सहापर्यंत चालेल, त्याच्या वर असेल तर तीन रात्री काढा नाहीतर जवळचं बघा.

या नियमाने आपोआप वाटणी होते. मुंबईकराला एका रात्रीसाठी माथेरान, लोणावळा, इगतपुरी. महाबळेश्वर मुंबईहून अडीचशेच्या वर किलोमीटर आहे, एका रात्रीसाठी मुंबईहून तिथे जाणारे लोक कशाला जातात मला खरंच कळत नाही. पुणेकराला पवना, मुळशी-ताम्हिणी, पानशेत आणि सकाळी सहाच्या आत निघाला तर महाबळेश्वरसुद्धा. नाशिककराला भंडारदरा आणि सापुतारा, दोन्ही ऐंशी किलोमीटरच्या आत-बाहेर. अमरावतीकराला चिखलदरा परतवाड्यावरून दोन-अडीच तास, नागपूरकराने दोन रात्री धराव्यात. कोल्हापूर, बेळगाव आणि गोव्याच्या लोकांना आंबोली, पण तिथे तलाव शोधू नका, तिथे पाऊस आणि जंगल आहे.

भंडारदऱ्याचं गणित मुंबईकरांसाठी अलीकडे थोडं बदललंय, समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, त्यामुळे कसारा घाटाची कटकट टाळता येते. टोल जरा जास्त जातो, आणि भिवंडीकडे आमणेपर्यंत पोचायलाच वेळ लागतो तो धरायला विसरू नका.

गाडी नसेल तर? लोणावळा आणि इगतपुरी स्टेशनवर उतरता येतं. माथेरानला कर्जत लोकलने नेरळ, तिथून शेअर टॅक्सीने दस्तुरी. महाबळेश्वरला स्वारगेटहून एसटी, महिलांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरच्या पुढच्यांना फुकट, त्यामुळे आईवडील आणि बायका असा ग्रुप असेल तर एसटीने जाऊन वर टॅक्सी करणं स्वतःच्या गाडीपेक्षा स्वस्त पडू शकतं. भंडारदरा मात्र गाडीशिवाय अवघड, तिथल्या शेंडी गावापर्यंत पोचलात तरी रतनवाडी, सांदण दरी, घाटघर फिरायला वाहन लागतंच.

पायरी ५: आता फक्त तीन नावं घ्या आणि समोरासमोर ठेवा

तीनच. दहा नावांचा तक्ता करत बसलात तर दिवाळी येईल. आणि तुलना सारख्याची सारख्याशी करा.

पवना विरुद्ध भंडारदरा: दोन्हीकडे पाणी, डोंगर, टेंट. पवनेला जवळीक आहे, तुंग-तिकोना-लोहगड आजूबाजूला आहेत, पण शनिवारी रात्री काठावर टेंटला टेंट लागलेले असतात आणि प्रत्येक कॅम्पचा स्पीकर वेगळं गाणं म्हणत असतो. मित्रांचा ग्रुप असेल तर ठीक. घरच्यांना घेऊन शांतता पाहिजे असेल तर भंडारदरा, तिथे तलावाला वळसा घालणारा रस्ता आहे, वाटेत रतनवाडीचं अमृतेश्वराचं जुनं मंदिर, सांदण दरी, घाटघरचा कडा, एक पूर्ण दिवस गाडीतून उतरत-चढत जातो. ज्यांना पाय मोकळे करायचेत त्यांना बारी गावातून कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, लोखंडी शिड्या आहेत. पावसात शिड्यांवर रांग लागते, पहाटे चढायला सुरुवात करा.

माथेरान विरुद्ध महाबळेश्वर: माथेरानमध्ये हॉर्न नाही हा एकच मुद्दा माझ्यासाठी पुरेसा आहे. महाबळेश्वरात थंडी जास्त, खायला-प्यायला जास्त, म्हाताऱ्या माणसांना गाडी थेट पॉईंटजवळ जाते. चालू शकणारे असतील तर माथेरान, नसतील तर महाबळेश्वर, आणि महाबळेश्वरच्या गर्दीचा कंटाळा असेल तर मुक्काम पाचगणीला किंवा वाईला ठेवून वर एक दिवस जाऊन या.

तापोळा विरुद्ध बामणोली: एकाच जलाशयाचे दोन काठ. तापोळा महाबळेश्वरला जोडून होतो, बामणोली कास-साताऱ्याला जोडून. वासोटा करायचा असेल तर बामणोलीच सोयीचं, ओळखपत्र ठेवा, वनखात्याची परवानगी आणि बोट सकाळी लवकर घ्यावी लागते कारण संध्याकाळपर्यंत परत यायचंच असतं. प्लास्टिक मोजून नेतात, मोजून परत दाखवायला लागतं.

सापुतारा, तोरणमाळ: सापुतारा नीटनेटकं आहे, रोपवे, बागा, तलाव, लहान मुलांना आवडतं, मोठ्यांना दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो. तोरणमाळ उलट, काहीच "करायला" नाही, हॉटेलंही मोजकी, जेवण आधी सांगून ठेवायचं.

एक नमुना सोडवून दाखवतो. ठाण्याचं कुटुंब, सहा जण, आजी सत्तरीच्या पुढची, पाच वर्षांचं पोर, मेचा दुसरा आठवडा, दोन रात्री. नावं माथेरान, भंडारदरा, महाबळेश्वर. भंडारदरा महिन्यातच बाद, ऊन तापलेलं, पाणी उतरलेलं, काजवे अजून यायचेत. महाबळेश्वर हवेत पहिलं, पण सहा-सात तासांचा प्रवास पोराला आणि आजीला झेपणार का, आणि जाऊन-येऊन बारा-चौदा तास गाडीतच. माथेरान दोन-अडीच तासांवर, प्रश्न फक्त आजीच्या चालण्याचा, तो अमन लॉज शटल आणि बाजारपेठेतलं हॉटेल घेऊन सुटतो. म्हणजे माथेरान. तेच कुटुंब सप्टेंबरच्या शेवटी निघालं तर डोळे झाकून भंडारदरा. तीन रात्री असत्या तर मेमध्ये महाबळेश्वर. माणसं तीच, उत्तरं तीन.

पायरी ६: माणशी खर्च पूर्ण काढा

रूमचं भाडं बघून "स्वस्त पडलं" म्हणायचं नाही. त्यात इंधन, टोल, पार्किंग, नगरपालिकेचा प्रवेशकर, घोडे किंवा पॉईंटची टॅक्सी, बोट, बाहेरचं जेवण, ड्रायव्हर असेल तर त्याची झोपायची सोय हे सगळं घाला आणि माणसांनी भागा. माथेरानला गाडी नसूनही घोडे आणि हमाल यात बरेच जातात, दस्तुरीला दरफलक असतो तो वाचूनच घोडा ठरवा. टेंटवाले माणशी दर सांगतात, "अनलिमिटेड" बार्बेक्यू म्हणजे किती ते फोनवर विचारा, माणशी चार तुकडे असतात कधीकधी. व्हिलाला डिपॉझिट असतं, ते परत कधी मिळणार ते लेखी घ्या.

मधल्या वारी तीच रूम बरीच कमी दरात मिळते. एक दिवस रजा टाकून रविवार-सोमवार केलंत तरी फरक पडतो.

पायरी ७: बुकिंगच्या आधी फोन करा, फोनवर हे विचारा

पाणी आत्ता काठापासून किती लांब आहे, आजचा व्हिडिओ पाठवा. वीज गेली तर जनरेटर किंवा इन्व्हर्टर आहे का, गीझर त्यावर चालतो का. मोबाईलला रेंज कुठल्या कंपनीची येते. शेवटचा एक किलोमीटर रस्ता कसा आहे, छोटी कार जाते का. रूम तळमजल्यावर मिळेल का. टॉयलेट टेंटला जोडून की शंभर पावलांवर. चेक-इन किती वाजता, कारण बाराला पोचून तीनपर्यंत गाडीत बसलेली कुटुंबं मी बघितलीत.

सावध: लोणावळा-पवना-अलिबागच्या व्हिलांच्या नावाने खोट्या जाहिराती खूप फिरतात. फोटो दुसऱ्याच बंगल्याचे, दर निम्मा, "आत्ता लगेच अर्धे पाठवा नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे." व्हिडिओ कॉलवर जागा दाखवायला सांगा, मॅपवर नाव शोधून तिथल्या नंबरशी ताडून बघा, यूपीआयवर येणारं नाव आणि सांगितलेलं नाव एकच आहे का बघा. टाळाटाळ झाली की सोडून द्या. जास्त डोकेदुखी नको असेल तर एमटीडीसीची (राज्याच्या पर्यटन महामंडळाची) रिसॉर्ट बघा, भंडारदरा, माळशेज, माथेरान, महाबळेश्वर, चिखलदरा अशी बऱ्याच ठिकाणी आहेत, सजावट जुनी वाटेल पण जागा मात्र मोक्याच्या, त्यामुळे लवकर भरतात.

पायरी ८: निघायच्या दोन दिवस आधी

हवामान खात्याचा इशारा जिल्ह्याप्रमाणे बघा. रेड अलर्ट असेल तर जायचं नाही, पैसे बुडले तरी. ऑरेंज असेल तर घाट आणि धबधबे सोडून नुसता मुक्काम करता येतो का ते ठरवा. महाबळेश्वरला पोलादपूरकडून आंबेनळी घाटाने चढणार असाल तर पावसात दरड पडून तो बंद होतो, निघायच्या सकाळी परत विचारा.

रोख पैसे ठेवा. रेंज नसली की यूपीआय चालत नाही, आणि तापोळा, बामणोली, रतनवाडीला रेंजचा भरवसा नाही. मॅप ऑफलाइन डाउनलोड करा. पेट्रोल वर चढायच्या आधी भरा, भंडारदऱ्याला जाताना घोटीत, बामणोलीला जाताना साताऱ्यात. उलटीच्या गोळ्या घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी द्यायच्या असतात, उलटी झाल्यावर नाही. माथेरानला पांढरे बूट नेऊ नका आणि माकडांसमोर खाऊची पिशवी हातात धरू नका.

आणि परतीची वेळ आत्ताच ठरवा. रविवारी जेवून आरामात चारला निघू म्हणणारे सगळे एकदमच निघतात. सकाळी अकराच्या आत खोली सोडून वाटेतच जेवा, किंवा ऑफिस उशिराचं असेल तर सोमवारी पहाटे पाचला निघा, खंडाळा घाट तेव्हा बऱ्यापैकी मोकळा असतो. सोमवारचं ठरवणार असाल तर ते बुकिंग करतानाच हॉटेलवाल्याला सांगा, रविवारची रात्र बहुतेक वेळा कमी दरात देतात.